तडजोडीच्या बैठकीत बसण्यापूर्वी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या गावांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज येते. म्हणणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. कोर्टात वर्षे जातात, वकिलाची फी जाते, मजुरी बुडते, हे खरेच आहे. तरीही ही म्हण कुणाच्या अनुभवातून जन्मली हे तपासले पाहिजे. ज्याचा शब्द गावात कायद्यासारखा चालत होता, त्याला कोर्टाची गरजच नव्हती. ज्याला चावडीची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याला चढायला मिळालेली पहिली पायरी कोर्टाचीच होती. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले. त्या पाण्यावरचा हक्क गावच्या पंचांनी मान्य केला नाही. तो १९३७ साली मुंबई हायकोर्टाच्या निकालाने पक्का झाला.

ही गोष्ट मनात ठेवूनच मी मध्यस्थीच्या प्रश्नाकडे पाहतो. यवतमाळ जिल्ह्यात शिक्षकी करताना धुऱ्याचे, पांदणीचे, मजुरीचे, संसाराचे पुष्कळ तंटे माझ्यापुढे आले. गावात शिकलेला माणूस दिसला की लोक त्याला पंच करतात. आपल्या चळवळीतले शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते या कामात ओढले जातात आणि पुढेही ओढले जातील. म्हणून या कामाची रीत, त्यातले धोके आणि त्याची नीती यांचा उघड विचार झाला पाहिजे.

१

प्रथम शब्द स्पष्ट करू. गावात पंच, लवाद आणि मध्यस्थ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांत मोठा फरक आहे. लवाद निवाडा देतो. दोन्ही पक्षांनी आधी मान्यता दिलेली असल्याने तो निवाडा त्यांच्यावर बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो दोघांना बोलते करतो आणि तोडगा त्यांचा त्यांनाच काढू देतो. पटले नाही तर कोणताही पक्ष उठून जाऊ शकतो. गावचा पंच बसतो मध्यस्थ म्हणून आणि बोलतो मात्र न्यायाधीशासारखा. त्याच्या निर्णयामागे कायदा नसतो. तिथे असते ती गावाची नजर, किराणा दुकानातली उधारी, उद्याची मजुरी आणि विहिरीवरची वाट. कायद्याच्या निकालावर अपील करता येते. या दडपणावर अपील कुठे करायचे?

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना, पंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्यास त्यांनी कडाडून विरोध केला. जी वस्ती जातीने बांधली आहे आणि समतेची कल्पनाच जिला मान्य नाही, तिच्या पंचांच्या हाती आम्ही आमचे जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता का सोपवावी, हा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाची जी झाडाझडती त्यांनी घेतली, तिच्या मुळाशी हाच अनुभव होता.

त्याच १९३२ सालाने निवाडा आणि तडजोड यांतला फरकही आपल्याला शिकवला आहे. १६ ऑगस्टला ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा दिला. तो तिसऱ्याने दिलेला निर्णय होता. २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. ही तडजोड होती. सप्रू आणि जयकर यांनी मध्यस्थाची धावपळ केली. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. एका बाजूला उपोषणाला बसलेल्या माणसाचा प्राण होता. दुसऱ्या बाजूला, त्या माणसाचे बरेवाईट झाले तर खेड्याखेड्यांत ज्यांच्यावर राग निघेल अशी लाखो माणसे होती. अशा वेळी झालेल्या सहीला संमती म्हणावे काय? करारावर आपल्या समाजात आजही वाद होतो तो आकड्यांचा नाही, या संमतीचा आहे. मध्यस्थाने रोज स्वतःला विचारायचा प्रश्न हाच आहे : समोरचा माणूस ‘हो’ म्हणतो आहे ते पटले म्हणून, की ‘नाही’ म्हणण्याची किंमत त्याला परवडत नाही म्हणून?

२

१५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती नेमायची, दिवाणी, महसुली आणि कायद्याने ज्यांत तडजोड करता येते असे फौजदारी तंटे गावातच मिटवायचे, आणि कामाचे मूल्यमापन होऊन गावाला लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळायचा, अशी तिची रचना होती. ‘तंटामुक्ती अध्यक्ष’ हे पद त्यातूनच गावोगावी रूढ झाले.

या मोहिमेने बरेच धुरे आणि भाऊबंदकीचे खटले मिटवले. ते नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या रचनेत एक गोम आहे. किती तंटे मिटले हे मोजता येते. मिटताना कोण झुकले हे मोजता येत नाही. पुरस्कार आकड्यावर ठरू लागला की तक्रार करणारा माणूसच गावाला अडचणीचा वाटू लागतो. ‘तुमच्या एका केसपायी गावाचं बक्षीस जाईन’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो गावाच्या प्रगतीच्या आड आला, असा हा उलटा न्याय आहे. तंटा नसणे म्हणजे शांतता, असे आपण मानले तर ज्या गावात दलित अजून तोंड उघडत नाहीत ते गाव सगळ्यांत तंटामुक्त ठरेल.

३

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. आपला जिल्हा कापसाचा आणि सोयाबीनचा. जमीन बरीचशी कोरडवाहू, कर्ज भारी, आणि मजुरीवर जगणारी घरे पुष्कळ. त्यामुळे इथल्या तंट्यांनाही एक ठरलेले रूप आहे.

पहिला प्रकार धुऱ्याचा आणि पांदणीचा. वावराचा धुरा शेजाऱ्याने दोन तास आत कोरला, किंवा पेरणीच्या तोंडावर बैलगाडीची वाट अडवली. इथे मध्यस्थाने आपल्या शहाणपणावर विसंबू नये. सातबारा पाहावा, गाव नकाशा पाहावा. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करायला लावावा आणि मोजणीची ‘क’ प्रत हातात आल्यावरच बैठक घ्यावी. मोजणीवाचून झालेली तडजोड म्हणजे ज्याच्या घरी चार लाठ्या जास्त त्याच्या बाजूने सरकलेला धुरा.

वाट अडवली असेल तर आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडून धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. पूर्वापार चालत आलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट ॲक्टखाली अडथळा दूर करून मागता येतो, पण तो दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आता गावची बैठक कशी चालते ते पाहा. या मंगळवारी पाटील बाहेरगावी गेले, पुढच्या मंगळवारी सोयाबीनची काढणी आली, मग दिवाळी, मग कापसाचा वेचा. बैठका चालू राहतात आणि सहा महिने उलटतात. वाट अडवणाऱ्याला नेमके हेच हवे असते. म्हणून माझा नियम असा की पहिल्याच दिवशी मुदतीची तारीख कागदावर लिहायची आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल करायला सांगायचे. अर्ज दाखल झाल्यावरही बोलणी करता येतात. उलट तेव्हाच ती खरी होतात, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना काही गमावायचे असते.

दुसरा प्रकार मक्त्याचा, मजुरीचा आणि सालगड्याच्या हिशेबाचा. हे व्यवहार तोंडी होतात. उचल किती घेतली, खाडे किती झाले, धान्य किती दिले, याची वही मालकाकडे असते आणि सालगड्याकडे फक्त आठवण. वही आणि आठवण यांना समान मानून ‘अर्धे तुमचे, अर्धे त्याचे’ असा तोडगा काढणे दिसायला समतोल दिसते, पण ते न्याय्य नसते. शंभर रुपये बुडालेल्या माणसाला पन्नास देऊन मिटवले म्हणजे पन्नासांची चोरी पंचांच्या साक्षीने मंजूर झाली. मी अशा वेळी सालगड्याच्या बायकोला बसवून घेतो. घरात काय आले आणि केव्हा आले, हे तिला महिनावार पाठ असते. पोळ्याला काय मिळाले, मुलाच्या आजारपणात काय घेतले, या खुणांवरून हिशेब उभा राहतो आणि पुष्कळदा वहीसुद्धा दुरुस्त होते.

तिसरा प्रकार सावकारीचा. इथे फार जपून राहावे. कर्ज देताना सावकार गहाणखत न करता सरळ खरेदीखत करून घेतो आणि तोंडाने म्हणतो, ‘पैसे फेडा, वावर परत देतो.’ पुढे वाद झाला की तो पंचांपुढे येतो आणि ‘थोडे पैसे आणखी देतो, मिटवून टाका’ म्हणतो. तिथे ‘जमीन राजीखुशीने विकली’ असे वाक्य असलेल्या कागदावर शेतकऱ्याची सही झाली तर घात होतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याने, सावकारीच्या व्यवहारातून पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे. मध्यस्थाने लिहिलेला एक चुकीचा कागद हा हक्क कमजोर करू शकतो. असे प्रकरण आले की मी बैठक घेत नाही, सहायक निबंधकाच्या कचेरीचा रस्ता दाखवतो.

४

सगळ्यांत कठीण प्रश्न जातीय अत्याचाराचा. मारहाण होते, जातीवरून शिवीगाळ होते, भीमजयंतीच्या मिरवणुकीवर दगड येतात, वस्तीचे पाणी तोडले जाते. प्रकरण पोलीस स्टेशनला जाणार असे दिसताच गावाला एकाएकी सलोख्याची आठवण होते. मग आमच्यासारख्यांना निरोप येतो : ‘गुरुजी, तुमचीच मानसं हायेत, तुमी सांगा तं आयकतीन.’ या एका वाक्यात सगळी योजना असते. सवर्णांचा निरोप दलितांपर्यंत पोचवण्यासाठी एक दलित मध्यस्थ हवा असतो.

इथे नियम स्पष्ट आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे पक्षकारांनी आपसात मिटवण्याचे नाहीत. लोक अदालतीलासुद्धा तडजोडीस अपात्र गुन्ह्यांवर अधिकार नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात आपल्या विशेष अधिकारात अशी कारवाई रद्द केली, परंतु तो अधिकार त्या न्यायालयाचा आहे, गावच्या पाराचा नव्हे. २०१५ च्या दुरुस्तीने दलितांवरील सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही या कायद्याखाली गुन्हा ठरला. शिवाय गुन्हा दडपण्यासाठी पैसे देणे किंवा घेणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे असल्या बैठकीत बसणारा पंच केवळ नीतीने चुकत नाही, तो कायद्याच्याही कचाट्यात सापडू शकतो.

या बैठकांची रीत ठरलेली असते. आधी फिर्याद लांबवायची. ‘दोन दिवस थांबा, गावात बसून पाहू.’ दोनाचे आठ दिवस होतात. पुढे कोर्टात आरोपीचा वकील विचारतो की घटना खरी होती तर फिर्याद आठ दिवस उशिरा का दिली? फिर्याद झालीच तर उलटी केस टाकायची, चोरीची किंवा बाईच्या विनयभंगाची. मग पंच म्हणतात, ‘दोघांनीही केसा मागे घ्या, बरोबरी झाली.’ खरी केस आणि रचलेली केस यांची ही बरोबरी! आणि तिला सलोखा म्हणायचे! म्हणून माझे सांगणे असे : आधी फिर्याद, आधी वैद्यकीय तपासणी, आधी पंचनामा. गावाशी बोलायचे असेल तर ते नंतर, आणि तेही गुन्ह्याविषयी नव्हे. वस्तीचे पाणी आजच्या आज सुरू करा, मुलांना शाळेच्या वाटेवर कुणी अडवू नका, मजुरीचे काम थांबवू नका, एवढ्यासाठी बोलणी जरूर करावी. त्यात साक्षीदारांच्या जबाबाचा सौदा होता कामा नये.

खैरलांजी आपण विसरू शकत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबाच्या शेतजमिनीचा आणि तिच्यातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद जुना होता. अशा वादाला गाव ‘धुऱ्याचा तंटा’ म्हणते. पुढे मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी घरातली चार माणसे मारली गेली. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा आरोप मान्य केला नाही. जमिनीच्या साध्या दिसणाऱ्या वादात जात कुठून शिरते हे ओळखण्याची नजर ज्या मध्यस्थाला नाही, त्याने असल्या बैठकीत पंच म्हणून बसू नये.

५

इथवर दुसऱ्यांच्या अन्यायाविषयी लिहिले. आता आपल्या घराकडे पाहू. बौद्धपुऱ्यातल्या, तांड्यावरच्या, पोडावरच्या बैठकाही निर्दोष नाहीत. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीची बैठक भरते. पुरुष सतरंजीवर, बाया दाराआड. मुलीच्या वतीने तिचा भाऊ बोलतो आणि भावाला बहिणीच्या जिवापेक्षा घरातले तोंड कमी होण्याची चिंता असते. ‘या वेळी पाठवा, पुन्हा असं होनार नाही’ असे ठरते आणि सगळे चहा पितात. जातीचे पंच आपल्याला नाकारतात म्हणून आपण संतापतो. मग आपल्याच पंचांपुढे आपली मुलगी मुकी का? अशा बैठकीत मी तीन गोष्टी धरून बसतो. मुलीशी एकटीशी, दुसऱ्या बाईच्या सोबतीने आधी बोलणे व्हावे. ती स्वतः बैठकीत असावी. आणि मारहाण थांबवणे हा बोलणीचा विषय नसून बोलणीची पहिली अट असावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, राहत्या घराचा हक्क मागता येतो, हे तिला बैठकीपूर्वीच सांगावे. दुसरी वाट माहीत असलेल्या माणसाचाच होकार खरा असतो.

मध्यस्थाच्या स्वतःच्या नीतीचेही काही प्रश्न आहेत. लवादाच्या १९९६ च्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. आपल्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका यावी असे काही असेल तर लवादाने ते आधीच लेखी सांगावे. गावच्या मध्यस्थानेही हे करावे. सोयरीक आहे काय, उधारी आहे काय, पक्ष एक आहे काय, हे पहिल्या बैठकीत सर्वांदेखत बोलावे. कुणाच्या घरी जेवू नये, गाडीभाडे घेऊ नये. एकाने विश्वासाने सांगितलेले दुसऱ्याला सांगू नये. ठरलेले लिहून काढावे, दोन्ही पक्षांना वाचून दाखवावे आणि दोघांना एकेक प्रत द्यावी. कोर्टात चालू असलेला दिवाणी वाद मिटला तर तो लोक अदालतीत नेऊन पक्का करावा. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. परंतु त्यावर अपील नाही, हेही सहीपूर्वी सांगावे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी दोन्ही पक्षांची पूर्वसंमती आणि तीन जणांचे मंडळ सांगितले आहे, आणि त्यातून झालेल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. गावच्या पंचांनी आपली मर्यादा यावरून ओळखावी.

निःपक्षपाती असणे आणि तटस्थ असणे एक नव्हे. निःपक्षपाती मध्यस्थ दोघांचेही पूर्ण ऐकतो, पुरावा पाहतो, आपल्या माणसाचे चुकले तर तसे सांगतो. आपला माणूस म्हणून खोट्याला पाठीशी घालणारा कार्यकर्ता चळवळीचेच नुकसान करतो. पण तटस्थ मध्यस्थ सबळ आणि दुर्बळ यांच्या मध्ये सारखे अंतर ठेवून बसतो आणि त्यामुळे सबळाचेच काम करतो. तराजूची दांडी सरळ धरायची असेल तर आधी खालची जमीन सपाट आहे काय ते पाहावे लागते. दुर्बळाला त्याचे हक्क समजावून सांगणे, त्याच्यासोबत एक जाणता माणूस बसू देणे, बैठक पाटलाच्या ओसरीऐवजी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत घेणे, हा पक्षपात नाही. ही बोलणीची पूर्वतयारी आहे.

६

मध्यस्थीची सर्वांत मोठी गोष्ट आपल्याच वारशात आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला वाद सांगितला आहे. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने सुचवले की आपण दोन माणसे निवडावी, कोलियांनी दोन निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. लवाद मंडळाची इतकी स्वच्छ कल्पना आजच्या कायद्यालाही शोभेल. बहुमताने ती फेटाळली. सिद्धार्थ युद्धात जायला तयार झाला नाही, तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी संघात उच्चारली गेली. त्याने परिव्रज्या स्वीकारली. बहिष्काराचे हत्यार किती जुने आहे आणि ते मध्यस्थावरही चालते, हे यातून दिसते.

पण त्या कथेचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शाक्य आणि कोलिय यांच्यात समेट झाल्याची बातमी पुढे सिद्धार्थाला कळते. घरी परतण्याचे कारण आता उरलेले असते. तरी तो परतत नाही. कारण त्याच्या ध्यानात येते की युद्ध मिटले तरी माणसामाणसांतला आणि वर्गावर्गांतला संघर्ष चालूच राहतो, आणि दुःखाचे मूळ तिथे आहे.

आपल्या कामाची जागा इथे नेमकी कळते. धुरा मोजून देता येतो, मजुरी वसूल करून देता येते, संसार सावरता येतो, आणि हे काम करणाऱ्याने ते मन लावून करावे. गरिबाच्या मजुरीचे दिवस त्याने वाचतात. परंतु एका धुऱ्याचा तंटा मिटवला म्हणून गावातल्या विषमतेचा तंटा मिटला, असे कुणी म्हणू लागले तर त्या सलोख्यावर आपली सही नसावी. बैठकीतून योग्य वेळी उठून जाणे हे मध्यस्थाच्या कामातच मोडते. फिर्यादीची मुदत टळत असेल, जबाब बदलण्याचा सौदा होत असेल, ज्याचा तंटा त्यालाच बोलू दिले जात नसेल, तर उठावे, त्या माणसाला सोबत घ्यावे आणि कोर्टाची पायरी चढावी.